कॉरिगनच्या बदल्यात तिघे

प्रिय क्लेम,

पत्र बघून घाबरू नकोस. अजून कोणी गेलेलं नाही. फोन का नाही केला म्हणशील, तर मागच्या दोन्ही वेळा तू फोनवर रडलास, आणि रडणाऱ्या माणसाला काही सांगता येत नाही, नुसतं हं हं करत बसावं लागतं. कागद रडत नाही. माझी शाळा नववीत सुटली, पुढची अक्कल लाँड्रीत इस्त्री फिरवत शिकले, तेव्हा चुका काढत बसू नकोस. वाच, आणि सांगते ते कर. काय करायचं ते शेवटी लिहिते. आधी लिहिलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, तुझी लहानपणापासूनची सवय मला माहीत आहे.

इकडे नेहमीसारखी थंडी. तळ्यावरून वारं असं येतं की दात कानात वाजतात. सेंट सिरिलचं चर्च बंद झालं, आता तिथे कोणी गालिचे विकतो. कारखान्याची उत्तरेकडची चिमणी पाडली. लोक खुर्च्या घेऊन बघायला गेले होते, मी गेले नाही. ओटोने टायरचं दुकान विकायला काढलंय, पण घेणार कोण? गाड्या असलेले लोकच गाव सोडून गेले. मागची खोली मात्र तशीच आहे. तीच रॉकेलची शेगडी, त्याच गाडीतल्या फाटक्या सीटा भिंतीला लावून ठेवलेल्या. बेसबॉलची शेवटची मॅच झाली की पहिल्या बर्फापासून आपली माणसं तिथेच बसतात आणि टीमने कोणाला विकलं, कोणाला आणलं यावर वसंतापर्यंत भांडतात. आता फार कोणी उरलं नाही. ओटो, पोस्टातून रिटायर झालेला लेस्टर, आणि आपला भाऊ एमिल. मी ड्रायव्हर. त्याला घेऊन जाते, घेऊन येते, आणि मधल्या वेळात त्यांचा मूर्खपणा ऐकते.

एमिलच्या फुफ्फुसांचं तुला मागेच सांगितलंय. जन्मभर भट्टीपुढे उभा राहिला, ती धूळ आता आत घर करून बसली आहे. चाकांवरचं ऑक्सिजनचं नळकांडं मागे ओढत फिरतो, म्हाताऱ्याने हट्टी कुत्रं ओढावं तसं. पण पत्र फुफ्फुसांसाठी लिहीत नाही. फुफ्फुसांचं कोणी काही करू शकत नाही. त्याच्याशी भांडायला कोणी उरलं नाही, ते जास्त वाईट आहे. नीट ऐक.

तो वाद कसा घालतो ते तुला आठवत असेलच. लेस्टर म्हणाला बर्फ पांढरा, तर हा म्हणणार, "कारखान्यामागचा बघितलास का कधी? पोस्टमन ना तू, की रस्त्याने डोळे मिटून चालायचास?" ओटो म्हणाला अमक्या पिचरला घ्यायला हवं होतं, तर हा म्हणणार, "तुझ्या टायरात हवा टिकत नाही आणि तू टीम बांधायला निघालास." आणि ते दोघं काय कमी होते? लेस्टर तर त्याला तोंडावर सांगायचा, "एमिल, तुझ्या हातात टीम दिली असती ना, तर आपण शाळेतल्या पोरींकडूनही हरलो असतो." इतक्या हिवाळ्यांत त्या खोलीत एमिलला कोणी एकदाही "बरोबर आहे" म्हणालेलं मी ऐकलं नाही. तो त्यावरच जगत होता. घरी येताना गाडीत लाल झालेला असायचा आणि सूप दोनदा मागून घ्यायचा.

आणि तुमचं दोघांचं तर काय सांगावं. मी तुमची पोस्टमन. तो म्हणणार, "सांग त्याला, टीमने देऊन टाकलेला आपला पिचर कॉरिगन पुढच्याच वर्षी आपल्याच मैदानात येऊन आपल्याला धूळ चारून गेला." मी तुला फोन लावायचा, तू म्हणणार, "सांग त्या मठ्ठाला, त्याच्या पुढच्या वर्षी कॉरिगनचा खांदा गेला, आणि बदल्यात आलेला ओर्टेगा आपल्याकडे दहा उन्हाळे सेंटर फिल्डला धावत होता." मग तो म्हणणार, "आणि उरलेले दोघं? एक मोटारी विकतो आणि दुसरा कुठे आहे ते त्याच्या बायकोला पण माहीत नाही. कॉरिगनच्या बदल्यात तिघे म्हणे! एक आणि दोन सावल्या!" दर हिवाळ्यात हेच. एकमेकांशी थेट एक शब्द नाही, सगळं माझ्या तोंडून. माझा जबडा दुखायचा. पण मी कधी थांबवलं नाही. दोघंही हिवाळा सुरू झाला की मला विचारायचे, काय म्हणतो तो? भावाला आणखी काय पाहिजे असतं.

तुमचं बोलणं तुटलं त्या ख्रिसमसचं मला तुझ्याइतकंच आठवतं, तेव्हा उगीच मला काही समजत नाही असं धरून चालू नकोस. एमिलने शब्द टाकून तुला कारखान्यात त्याच्या पाळीत घेतलं होतं, आणि तू ॲरिझोनाला जातो म्हणून सांगितलंस, लोकांच्या घरात गार हवेची यंत्रं बसवायला. त्याच आठवड्यात टीमने कॉरिगनला दिला. तू घरात सांगितलंस त्यावर एमिल अवाक्षर बोलला नाही. जेवायला बसलो, आईने मशरूमचं सूप वाढायला घेतलं, आणि तो सुरू झाला, "आपल्या इथला पोरगा. त्याचा बाप माझ्या पाळीत होता. त्याला उचलून दुसऱ्याच्या हवाली करतात, आणि माझा सख्खा भाऊ म्हणतो बरं झालं." तू म्हणालास, "बरंच झालं. हात शाबूत आहे तोवर गेला. इथे राहून काय पुतळा होणार होता त्याचा?" तो म्हणाला, "गेला तो गेला. माझ्या घरात त्याचं नाव नको." तेव्हा टेबलावर बेसबॉलचं कोणीच बोलत नव्हतं. आईलाही ते कळलं. तिने पळी भांड्यात सोडली आणि आत गेली. अक्रोडाचा रोल कोणी कापलाच नाही, दुसऱ्या दिवशी मी पक्ष्यांना टाकला.

असो. आता या हिवाळ्याचं सांगते. पानगळीत डॉक्टरकडे गेलो तेव्हा एमिल मधेच उठून बाहेर गेला. म्हणाला, "व्हर्ना, तू ऐकून घे. मी विचारलं तरच मला सांग." डॉक्टरने मला सांगितलं. ठीक. मी घरी आले, स्वयंपाक केला, त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण ओटोला सांगणं भाग होतं, कारण तो त्या बंद खोलीत सिगार ओढतो. मी म्हटलं, "सिगार बंद कर. आणि दार जरा उघडं ठेव. त्याचं आता फार दिवसांचं नाही." एवढंच बोलले. ओटोने ते लेस्टरला सांगितलं असणार.

आणि डिसेंबरात त्या दोघांनी घोटाळा केला. तुला माहीत आहे, आपला शॉर्टस्टॉप ट्रेव्हिनो, त्याचा करार संपला, तो मोकळा झाला आणि जास्त दिलं तिकडे, समुद्राकाठी निघून गेला. आपल्या मालकाने त्याच्याऐवजी कोणाला आणावं? हॅलोरनला! पिचर! गेला मधला फिल्डर, आणला चेंडू टाकणारा! अडतीस वर्षांचा, कोपराची दोन ऑपरेशनं झालेला. हे म्हणजे छप्पर गळतंय म्हणून नवीन पायपुसणं आणण्यासारखं. दुसऱ्या एखाद्या वर्षी यावर त्या खोलीत मारामारी झाली असती. मी गाडीतून उतरतानाच विणकाम बरोबर घेतलं होतं, म्हटलं आज उशीर होणार.

एमिल बसला, नळकांडं पायाशी ठेवलं, दम खाल्ला आणि म्हणाला, "हॅलोरनला आणला ते चांगलं केलं. वय आहे, पण डोकं आहे." मी लेस्टरकडे बघितलं. मागे असाच एक म्हातारा पिचर आणला होता तेव्हा हाच लेस्टर म्हणाला होता, याच्यापेक्षा पुतळा आणा, तो निदान लंगडत नाही. आता लेस्टर म्हणाला, "हो एमिल. अनुभव कामाला येतो." एमिलने मान वर केली. म्हणाला, "आणि ट्रेव्हिनो गेला ते बरं झालं. कुठे काय खेळत होता?" अरे, सगळा उन्हाळा ट्रेव्हिनोच्या नावाचा शर्ट घालून फिरला हा! ओटो म्हणाला, "खरंय. त्याचा वेग गेलाच होता." मग एमिल दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मला वाटलं खोकला येतोय. पण तो सावकाश, एकेक शब्द मोजून म्हणाला, "मी म्हणतो, कॅचरला पण देऊन टाका. बदल्यात दोन बकऱ्या घ्या. एक पहिल्या बेसवर, एक दुसऱ्या. मैदानाचं गवत कापायला माणूस नको."

पूर्वी यावर छप्पर उडालं असतं. लेस्टरने चष्मा सारखा केला आणि म्हणाला, "विचार करण्यासारखं आहे." ओटो उठला आणि त्याने एमिलच्या कपात कॉफी ओतली. ओटोने! ज्याने उभ्या जन्मात कोणाला कॉफी ओतून दिली नाही, "हात झडले का तुझे?" म्हणायचा. एमिलने कप उचलला नाही. म्हणाला, "व्हर्ना, चल."

गाडीची काच मी खरवडत होते तेव्हा तो आत बसून होता. मी बसले, तर म्हणाला, "किती?" मी म्हटलं, "काय किती?" म्हणाला, "डॉक्टरने तुला सांगितलं ते." विचारलं तर सांगायचं ठरलं होतं. सांगितलं. म्हटलं, "फेब्रुवारीत पिचर-कॅचर सरावाच्या कॅम्पला जमतात ना, तोवर म्हणाला. त्याच्या पुढचं तो बोलला नाही." एमिलने खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "डॉक्टरची गरजच नव्हती. लेस्टर बकऱ्यांना हो म्हणाला तेव्हाच कळलं." घरी येऊन सूप घेतलं नाही. कोट न काढता खुर्चीत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन दोघांना झापलं. ओटोचे डोळे भरले, एवढा मोठा बाप्या. म्हणाला, "व्हर्ना, मरणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?" मी म्हटलं, "जिवंत माणसाशी भांडता तसं. तो अजून जिवंतच आहे, तुम्ही घाई करू नका." तर बिचारे घरी आले, केक घेऊन. केक! लेस्टर टोपी हातात धरून उभा राहिला आणि चर्चमध्ये बोलावं तशा आवाजात म्हणाला, "एमिल, तू अगदी गाढव आहेस." एमिल म्हणाला, "थँक्यू, लेस्टर." मग ते बर्फाविषयी बोलले आणि गेले. तेव्हापासून एमिल दुकानात जात नाही. रेडिओ लावत नाही. पेपर येतो तो घडी न मोडता तसाच पडतो. मागच्या आठवड्यात टीमने आणखी एक अदलाबदल केली, लेफ्ट फिल्डर दिला आणि कोणीतरी पोरगा आणला. मी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाला, "असेल." मी म्हटलं, चांगलं केलं की वाईट? म्हणाला, "त्यांना कळतं." क्लेम, हे शब्द एमिलच्या तोंडून! मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मी स्वतः भांडून बघितलं. जमत नाही. त्याला माहीत आहे, मी भांडले की त्यामागे गोळी गिळायची असते नाहीतर नळी नाकात नीट बसवायची असते. डॉक्टरने दवाखान्यात ठेवू म्हटलं, मोठ्या यंत्रावर, त्याने काही आठवडे जास्त निघतील. एमिल नको म्हणाला. ते मला पटलं, त्याबद्दल मी एक शब्द बोलले नाही. माणसाने आपल्या खुर्चीत जावं. पण मरायच्या आधीच मेल्यासारखं बसावं, हे मला पटत नाही. त्याला कोणी काही उलट बोलत नाही म्हणून तो तसा बसला आहे.

आणि त्यात तू. नाताळात मी तुला हे सगळं सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास आठवतं? नाक ओढत म्हणालास, "त्याला सांग व्हर्ना, कॉरिगनचं त्याचंच बरोबर होतं. द्यायला नको होता. सांग, मी चुकलो." मी फोन ठेवला. तो निरोप मी पोचवलेला नाही. इतकी वर्षं तुमचा एकेक शब्द इकडचा तिकडे केला, मीठमिरची न लावता, पण हा नाही. लेस्टर आणि ओटोने जे केलं तेच तू लांबून करत होतास. एमिलने ते ऐकलं असतं तर त्याच रात्री डोळे मिटले असते.

आता का लिहिते ते. मागच्या रविवारी मी त्याचे पाय चोळत होते, पाय आता थंडच असतात. तो म्हणाला, "क्लेमचं बरोबर होतं." मी म्हटलं, कशाचं? म्हणाला, "कॉरिगनचं. जाऊ दिला ते बरं झालं. इथे राहिला असता तर भट्टीने त्यालाही खाल्लं असतं." मी म्हटलं, "कॉरिगनला कुठली भट्टी? तो पिचर होता." मी पुढे विचारलं नाही, पाय चोळत राहिले. तेव्हा आता नीट समजून घे. तू म्हणतोस त्याचं बरोबर होतं, तो म्हणतो तुझं. तुम्ही दोघांनी बाजू बदलल्या आहेत आणि दोघांनाही पत्ता नाही. म्हणजे भांडायला काहीच अडचण नाही. तुला माफ केलंय की नाही ते मला विचारू नकोस, आणि त्याला तर मुळीच विचारू नकोस. माफी मागायला-द्यायला लागला की माणूस आवराआवर करतोय असं समजावं, आणि मला तो इतक्यात आवरायला नकोय. तू ये. पिचर-कॅचर तिकडे ॲरिझोनात तुझ्या घराजवळ कॅम्पला जमतील, त्यांच्या आधी तू इथे पोच. कोट आण, तुझ्याकडे आता धड कोट नसणार, नसला तर बापाचा आहे. त्याला जास्त बोलता येत नाही, तीन-चार शब्दांवर दम लागतो, पण कान शाबूत आहेत आणि तोंड वाकडं करता येतं. मिठी मारू नकोस. कसा आहेस विचारू नकोस. रडायचं असेल तर ते गाडीत उरक, मी तुला बसस्टँडवर घ्यायला येईन. मग सरळ आत ये आणि सांग त्याला की कॉरिगनला दिला ते चुकलंच, तिघांत मिळून एक माणूस आला नाही, आणि आता या वयात तू आपला शब्द फिरवतोस, लाज नाही वाटत? दारातूनच सुरू कर.

तुझीच, आणि त्याचीही,
व्हर्ना